झडप आणि टिपण : उडत्या शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रणाविषयी

शिकारी पक्षी उडत असताना त्याचे छायाचित्र कसे घ्यावे, हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाताती घ्यावा, हे काहीसे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. पक्षिशास्त्र आणि प्रकाशविद्या या दोन्ही प्रांतांत प्रस्तुत लेखकाचा अधिकार केवळ हौशी माणसाचा आहे. तथापि पन्हाळ्याच्या तटावर आणि मसाई पठारावर काही हिवाळे कॅमेरा घेऊन हिंडल्यावर एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली. या कामातील पुष्कळसे अपयश यंत्राच्या उणिवेमुळे येत नाही. समोर जे घडत आहे त्याचा नेमका शब्द मनाशी तयार नसल्यामुळे येते. हा शब्द मराठीत बहुधा असतो आणि तो छायाचित्रकाराच्या प्रत्यक्ष उपयोगी पडतो, हे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ 'टिपणे' या क्रियापदापासून करणे सोयीचे होईल. कोंबडी दाणे टिपते, नेमबाज सावज टिपतो, टीपकागद शाई टिपतो, विद्यार्थी व्याख्यानातील मुद्दे टिपून घेतात, आणि छायाचित्रकार पक्षी टिपतो. पसरलेल्या पुष्कळ गोष्टींतून एक नेमकी वेचून घेणे, हा या सर्व प्रयोगांतील समान धागा होय. मात्र शिकाऱ्याच्या टिपण्यात पक्षी संपतो, तर लेखनिकाच्या टिपण्यात तो उरतो. छायाचित्रणाच्या अंगी या दोन्ही परंपरांचा वारसा आहे. 'स्नॅपशॉट' हा शब्द मूळचा बंदुकीचा. घाईने, फारसा नेम न धरता झाडलेल्या गोळीला इंग्रज शिकारी तसे म्हणत. १८६० मध्ये जॉन हर्शेल यांनी तो छायाचित्राला लावला. पुढे १८८२ मध्ये एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकाने पक्ष्यांचे उड्डाण अभ्यासण्यासाठी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. खांद्याला टेकवून चाप ओढला की फिरत्या काचेवर एका सेकंदात १२ चित्रे उमटत, आणि प्रत्येक चित्राचा प्रकाशनकाल सुमारे १/७२० सेकंद असे. डोळ्याला न दिसणाऱ्या पंखांच्या अवस्था या बंदुकीने प्रथम वेगळ्या करून दाखविल्या.

असे असूनही भारतात दीर्घकाळ शिकारी पक्ष्यांची चांगली छायाचित्रे मुख्यतः घरट्यापाशी, आडोशात बसून घेतली जात. सालिम अली यांचे स्नेही, सिंगापूरचे लोक वान थो यांनी याच पद्धतीने उत्कृष्ट काम केले. त्या काळच्या जड भिंगांनी आणि मंद फिल्मांनी उडत्या पक्ष्याचा पाठलाग करणे अवघड होते. आता डिजिटल कॅमेरा सेकंदास दहा-वीस चित्रे सहज घेतो आणि हलत्या लक्ष्यावरचा केंद्रबिंदू आपण होऊन सांभाळतो. यामुळे एक मोठा लाभ झाला आहे : घरट्याजवळ जाण्याची गरजच उरलेली नाही. अंडी किंवा पिल्ले असताना माणसाची चाहूल लागली तर पक्षी घरटे सोडून देण्याचा धोका असतो. आकाशातील पक्ष्याला आपण दुरून टिपतो, तेव्हा त्याचे काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष उड्डाणाकडे वळू. शिकारी पक्ष्याच्या गतीसाठी मराठीत अनेक शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. घार घिरट्या घालते. सर्पगरुड भरारी घेतो. शिक्रा झडप घालतो. बहिरी ससाणा सूर मारतो. यांतील प्रत्येक शब्द छायाचित्रकाराला वेगळी सूचना देतो.

घिरटी म्हणजे वर्तुळाकार, बहुधा पंख न हलविता केलेली फेरी. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापली की उष्ण हवेचे स्तंभ वर चढू लागतात व घार त्यांच्या आधाराने वर जाते. ही गती नियमित असल्यामुळे पक्षी पुन्हा त्याच बाजूने येणार, हे आधी कळते. नवशिक्याने रंकाळ्याकाठच्या घारींवर हात बसवावा, तो यासाठीच. घारीच्या पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर असतो. ती ६० मीटरांवर असता ४०० मिलिमीटरच्या भिंगाने तिची प्रतिमा सुमारे १० मिलिमीटर पडते, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीच्या चौथ्या भागाहून किंचित अधिक. घार वर चढून १२० मीटरांवर गेली की तीच प्रतिमा निम्मी होते. म्हणून ती फार उंच जाण्यापूर्वीच तिला गाठावे लागते.

झडप आणि सूर यांची गोष्ट निराळी. बहिरी ससाण्याचा सूर ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाचा असतो. या वेगाने पक्षी सेकंदाला सुमारे ८३ मीटर जातो. म्हणजे १/१००० सेकंदात तो आठ सेंटिमीटर सरकलेला असतो. सावकाश तरंगणारी घार तेवढ्याच वेळात जेमतेम एक सेंटिमीटर सरकते. घारीला १/१००० पुरेल, परंतु ससाण्यासाठी १/३२०० किंवा त्याहूनही अल्प काळ हवा, आणि शिवाय कॅमेरा पक्ष्याबरोबर वळत राहिला पाहिजे. मौजेची गोष्ट अशी की, कॅमेऱ्यातील शटरलाही आपल्या पारिभाषिक लेखनात 'झडप' असेच म्हणतात. पक्ष्याची झडप आणि यंत्राची झडप यांची गाठ पडावी, हे या कलेचे संपूर्ण सूत्र आहे.

याउलट, कापशी आणि खरूची हे पक्षी पंख फडफडवीत हवेत एका जागी स्थिर राहतात व खालचे गवत न्याहाळतात. एवढी ठळक क्रिया असूनही तिच्यासाठी प्रमाण मराठीत सर्वमान्य असे एकेरी क्रियापद रूढ नाही. मसाई पठारावर हिवाळ्यात खरूची अशी स्थिर झाली की छायाचित्रकाराला काही क्षणांची उसंत मिळते. त्या अवधीत केंद्रबिंदू डोळ्यावर आणून ठेवावा आणि ती खाली उतरेपर्यंत बोट चापावर राहू द्यावे.

प्रकाशाचा प्रश्न सर्वांना समान आहे. आकाश उजळ आणि पक्ष्याचे पोट सावलीत, यामुळे प्रकाशमापक फसतो व पक्ष्याची केवळ काळी आकृती हाती येते. यासाठी मापकाने सुचविलेल्यापेक्षा एक ते दोन पायऱ्या अधिक प्रकाश द्यावा. सूर्य व वारा हे दोन्ही पाठीशी असावेत, कारण पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतो आणि स्थिर राहतो. आपल्याकडे हिवाळ्याच्या सकाळी वारा बहुधा पूर्वेकडचाच असल्याने हा योग सहज जुळतो. वाळलेल्या गवताचे पठार खालून वर प्रकाश परतवीत असल्यामुळे पंखांची खालची बाजू तेथे अधिक स्पष्ट दिसते. पन्हाळ्याच्या पुसाटी बुरुजासारख्या कड्याच्या जागी तर पक्षी क्वचित आपल्या पायांखालून जातो आणि त्याची पाठही पाहावयास मिळते.

पोट आणि पाठ यांचा हा आग्रह नावासाठी आहे. काळ्या घारीचे शेपूट दुभंगलेले असते, तर ब्राह्मणी घारीचे गोलसर. ब्राह्मणी घारीचे तपकिरी पिल्लू काळ्या घारीसारखे दिसते. तेव्हा शेपटीची कडाच निर्णय देते. परंतु नावे हीही नेहमी सरळ नसतात. 'बहिरी' या शब्दाचा बहिरेपणाशी काही संबंध नाही. तो समुद्रवाचक 'बहर' या अरबी शब्दापासून फारसीमार्गे आला आहे. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते, म्हणून बाज पाळणारे दोघांना वेगळी नावे देत : शिकरा ही मादी आणि चिपका हा नर. मराठीने त्यांतील मादीचे नाव घेतले आणि 'शिक्रा' हा शब्द पुल्लिंगी करून टाकला. घार मात्र नर असली तरी स्त्रीलिंगीच राहते. व्याकरणातील लिंगावरून पक्ष्याचे लिंग ठरवू नये, हा धडा छायाचित्राखाली मजकूर लिहिणाऱ्याने अवश्य ध्यानी ठेवावा.

येथे स्वतःची एक चूक सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एका डिसेंबरात प्रस्तुत लेखकाने गवतावरून तरंगत जाणाऱ्या तपकिरी भोवत्याची चाळीसएक छायाचित्रे घेतली. शेपटीच्या मुळाशी असलेला शुभ्र पट्टा इतका मनोहर होता की प्रत्येक वेळी पक्षी पाठमोरा झाल्यावरच चाप दाबला गेला. पुढे एका जाणकार स्नेह्याने विचारले, 'मानेवर फिकट पट्टा होता काय?' तो पट्टा असेल तर पांढुरका भोवत्या, नसेल तर बहुधा माँटेग्यूचा; शुभ्र कटी दोघांनाही असते. चाळीसांपैकी एकाही चित्रात मान दिसत नव्हती. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच होती. कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेले नव्हते, वही जवळ नव्हती, आणि त्याच महिन्यातील सोलापूरजवळच्या नान्नजची चित्रे त्यांत मिसळलेली होती. पक्षी कोणता हे तर ठरेनाच, पण तो मसाईचा की नान्नजचा, हेही सांगता येईना. चित्रे सुंदर आहेत. पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य आहे.

अशा पुराव्याचे मोल केवढे असते, हे गिधाडांच्या उदाहरणावरून कळते. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पूर्वी एवढी गिधाडे होती की त्यांचे चित्र घेऊन तारीख लिहावी, असे फारसे कोणाला वाटले नाही. आज भाषेत 'गिधाडासारखे तुटून पडणे' शिल्लक आहे. परंतु तो वाक्प्रचार वापरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी गिधाड कधी पाहिलेले नाही. शब्द वस्तूवाचून बराच काळ जगू शकतो. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट ठाऊक असते, तरी तिचा असा प्रत्यय यावा, हे सुखाचे नाही.

म्हणून प्रत्येक चित्राबरोबर स्थळ, तारीख, वेळ आणि पक्षी काय करीत होता याचे एक वाक्य, एवढे लिहून ठेवावे. मुंबईचे रिशाद नौरोजी यांचा भारतीय उपखंडातील शिकारी पक्ष्यांवरील बृहद्ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे अनेक वर्षांचे छायाचित्रण जसे आहे, तशीच अनेक वर्षांची निरीक्षणेही आहेत. राधानगरीच्या अभयारण्यापासून पंचगंगेच्या काठापर्यंत हे काम आपल्या जिल्ह्यात कोणासही करता येण्याजोगे आहे; त्यास भारी भिंगापेक्षा नियमितपणा अधिक लागतो. वाक्य लिहिताना 'उडत होता' असे न लिहिता तो घिरट्या घालीत होता, की सूर मारीत होता, की एका जागी स्थिर होता, हे लिहावे. पक्षी टिपला, असे त्यानंतरच म्हणावे.