एक किलो आणि एक कोपर

सकाळची एसटी पकडून वरंधहून महाडला कॉलेजला यायचं, लेक्चर्स संपली की जिम गाठायची आणि हंगामात घरी भाताची पोती आहेतच. तुमच्यापैकी अनेकांचे दिवस असेच जातात. मग एक दिवस बेंच प्रेस मारताना खांद्यात कळ येते. दोस्त ओरडतो, ‘चल भावा, अजून एक!’ आणि तुम्ही अजून एक मारता.

जरा थांबा. सांगलीच्या पानटपरीवाल्याचा मुलगा संकेत सरगर आठवतोय? ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंगचा ५५ किलो गट. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५. दुसऱ्या प्रयत्नात उजवं कोपर दुखावलं. तरी गडी तिसऱ्यांदा आला, पण वजन उचललं गेलं नाही. त्याचे एकूण २४८ किलो, मलेशियाच्या खेळाडूचे २४९. सुवर्ण एका किलोनं हुकलं. रौप्यपदक घेताना हात झोळीत होता आणि पुढं कोपरावर शस्त्रक्रिया झाली.

तो तिसऱ्यांदा का आला ते कळतं, समोर सुवर्ण होतं. पण मंगळवारी संध्याकाळी तुमच्या जिममध्ये कुठलं पदक ठेवलेलं असतं?

स्नायू लवकर ताकद धरतात. त्यांना हाडाशी बांधणारे स्नायुबंध मात्र मागून, सावकाश तयार होतात. बारवरचा आकडा भराभर वाढवला की आधी बोंबलतात ते हेच. खांद्याची खोबण उथळ असते. तो जागेवर राहतो रोटेटर कफच्या चार लहान स्नायूंमुळं. बेंचला बार खाली आणताना छातीचा स्नायू पूर्ण ताणलेला असतो, तिथंच तो फाटू शकतो. डेडलिफ्टला एक तळवा पुढं करून धरलात आणि कोपर वाकवून ओढलंत, तर त्याच हाताच्या बायसेपचा स्नायुबंध तुटू शकतो.

म्हणून सुरुवात रिकाम्या बारनं करा. जितकं बेंच, तितकंच रोइंग. वजन जड असेल तर पाठीशी माणूस उभा हवा. टोचणारी कळ आली की तो सेट तिथंच संपला. ‘कट्’ असा आवाज आला, काळंनिळं पडलं, स्नायूचा आकार बदलला किंवा हातातला जोर गेला, तर मालिश नको, लगेच अस्थिरोगतज्ज्ञाकडं जा. तुटलेला स्नायुबंध मागं आखडत जातो. उशीर झाला की तो जोडणं अवघड होतं.

आणि पोलीस भरतीची तयारी करत असाल, तर हेही लक्षात ठेवा. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गोळाफेकीचे आहेत आणि मुलांचा गोळा ७.२६ किलोचा. तो फेकायला खांदा शाबूत लागतो. तुम्ही बेंचला किती मारता, हे तिथं कुणी विचारत नाही.

आज जिममध्ये कळ आली आणि दोस्त म्हणाला ‘अजून एक’, तर बार रॅकवर ठेवा आणि सांगा, ‘आज नाही भावा. खांदा बरा झाला की बघू.’