टाके तीस हजार, नाव एकही नाही

गोधडी भिंतीवर टांगलेली पाहायची आपल्या डोळ्यांना सवय नाही. तिची जागा अंथरुणात. दिवस उजाडला की घडी होऊन ती चवडीत जायची, थंडी सरली की एखाद्या दुपारी उन्हात पडायची, आणि फारच विरली की नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून शिरायची. तिच्यासमोर उभं राहून कुणी तिच्याकडे पाहतंय, असं तिच्या आयुष्यात सहसा घडत नाही.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका सभागृहात हाताने शिवलेल्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे हे घडताना पाहिलं. एका गोधडीच्या मधोमध लाल खणाचा चौकोन, भोवती इरकली लुगड्यांचे काठ, आणि कडेला काळ्या चंद्रकळेची पट्टी. दुसरीत धोतराच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एकच हिरवा तुकडा, तोही मधोमध नव्हे, जरा डावीकडे. तो तिथून बोटभर हलवला असता तर सगळी गोधडी मुकी झाली असती. हे ज्या बाईला कळलं, तिला रंगांच्या दुकानात जाऊन निवड करायची मुभा नव्हती. घरात जे विटलं, जे फाटलं, तेवढेच तिचे रंग. एवढ्यात तिनं एवढं साधलं, हे पाहून माणूस थक्क होतो.

गोधडीचं तंत्र वरवर साधं दिसतं, पण त्यात मोठा हिशेब असतो. नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं विरत नाही. बसण्या-उठण्याच्या जागी ते आधी जातं, काठ आणि पदर मागे टिकतात. शिवणारी बाई ते धुऊन उन्हात टाकते आणि हाताने चाचपून त्याची प्रतवारी लावते. धड भाग वर, विरलेला आत. सारवलेल्या अंगणात थर पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, लांब टाक्यांनी सगळं जागच्या जागी बांधून घ्यायचं, आणि मग धावदोरा. पुष्कळ जणी कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे जातात. चार पदरांची ती चौघडी, तान्ह्या बाळासाठी शिवलं ते दुपटं, आणि आमच्या देशावर जाडजूड वाकळ. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बाया ‘कवंद’ शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या तिकोनी घड्यांची फुलं असतात. ती लावल्याशिवाय त्यांना गोधडी पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला आकडेमोडीची खोड असते. प्रदर्शनातल्या एका गोधडीपुढे उभा राहून मी मनातल्या मनात मांडणी केली. पाच फूट बाय सात फूट. धावदोऱ्याच्या रेषा अर्ध्या-अर्ध्या इंचावर. म्हणजे सगळ्या रेषांची लांबी झाली ८४० फूट. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजारांच्या वर टाके. मिनिटाला पंधरा टाके पडले तरी नुसत्या शिवणाला तेहेतीस-चौतीस तास हवेत. धुणं, वाळवणं, लावणं वेगळं. आणि ते तासही सलग मिळत नाहीत. चूल, पाणी, शेत, पोर यांतून उरेल त्या दुपारी ते वेचून आणावे लागतात.

त्या गोधडीखाली एक छापील चिठ्ठी होती. तिच्यावर लांबी-रुंदी होती, ‘सुती, हस्तशिवण’ असं होतं, जिल्ह्याचं नाव होतं आणि किंमतही होती. शिवणारीचं नाव नव्हतं. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साऱ्या चिठ्ठ्या वाचल्या. कुठेच नव्हतं. आमच्या धंद्यात सही नसलेलं व्हाउचर टेबलावरून पुढे सरकत नाही. कारण ते कुणाचं, हेच कळत नाही.

१९८०च्या दशकात मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. ग्रामीण विकास योजनेतून म्हशी, शेळ्या, शिलाई मशीन यांसाठी कर्जं जात. एकदा शेळ्यांसाठी एक मावशी आल्या. अर्जातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “काई न्हाई, लिवा घरकाम.” वास्तविक अर्ध्या गावाच्या वाकळा त्यांच्या हातच्या होत्या. मोबदला म्हणून कुणी शेर-दोन शेर जोंधळे देई, कुणी एखादं जुनेर. मशीन असतं तर तो व्यवसाय ठरला असता. सुईला रकाना नव्हता, म्हणून बाईंनाही तो धंदा वाटत नव्हता. जे वहीत येत नाही ते हळूहळू माणसाच्या मनातूनही उतरतं, हे मी तिथे पाहिलं.

नाव राहिलं तर काय होतं, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. हॅरिएट पॉवर्स ही १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेली बाई. १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात तिची एक गोधडी मांडली होती. बायबलातल्या कथा तिने अकरा चौकटींत कापडाच्या आकृतींनी सांगितल्या होत्या. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली. हॅरिएट म्हणाली, कुठल्याच किमतीला देणार नाही. चार-पाच वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा ती स्वतःच गोधडी घेऊन आली, दहा डॉलर मागितले आणि पाच डॉलरवर समाधान मानलं. पुढे आपली गोधडी पाहण्यासाठी ती अनेकदा स्मिथबाईंकडे जाऊन आली. स्मिथबाईंनी एक गोष्ट फार चांगली केली. प्रत्येक चौकटीत काय आहे, ते हॅरिएटच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवलं. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरी एक बॉस्टनच्या संग्रहालयात, आणि दोन्हींखाली तिचं नाव आहे. पाच डॉलरचा सौदा इतिहासजमा झाला, नाव मात्र शिल्लक राहिलं.

नाव मिळालं म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायांच्या गोधड्यांचं प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनला भरलं, तिथून ते न्यूयॉर्कला गेलं. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटंही काढली. त्यांतल्या मिझुरी पेटवे या बाईंची १९४२ची गोधडी प्रसिद्ध आहे. नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांतून, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून, त्यांनी ती शिवली. आपल्याकडे आईच्या लुगड्याची गोधडी लेकी भांडून मागून घेतात, ती माया हीच. पण २००७ साली या वस्तीतल्या तीन बायांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आमच्या कामातून झालेल्या कमाईचा योग्य वाटा आम्हाला मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या वर्षी तडजोड झाली. तरी एक ध्यानात घ्यावं, नाव नोंदलेलं होतं म्हणूनच तक्रार करता आली. बेनावी माणसाला दावाही लावता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्या बायकांना नावाची हौस कुठे होती? बंगालकडे पाहावं. कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयाच्या संग्रहातली एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. मानदासुंदरी दासी या बाईंनी ती आपल्या वडिलांसाठी शिवली आणि स्वतःचं नाव सुई-दोऱ्यानेच तिच्यावर लिहिलं. हौस होती. अक्षर येत होतं आणि कुणी अडवलं नाही, तिथे ती उमटली. आपल्याकडे तर लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून सुनेचं नावच बदलायची रीत. माहेरची यमुना सासरी रुक्मिणी व्हायची. पुढे उखाण्यात नाव घ्यायचं ते नवऱ्याचं. गोधडीवर घालायचं म्हटलं तरी तिनं कुठलं नाव घालावं?

आता घाई करण्याचं कारण आहे. सुती लुगडी नेसणारी पिढी मागे पडली. सिंथेटिक साड्या विरत नाहीत आणि ऊबही देत नाहीत. बाजारातलं ब्लँकेट सहज परवडतं. बचत गटांच्या बाया गोधड्या शिवतात, शहरात त्यांना गिऱ्हाईक मिळतं, ही आनंदाची गोष्ट. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी कष्टाने भरवावं, आपण कौतुकाने पाहावं, घासाघीस न करता विकत घ्यावं. मात्र चिठ्ठीवर किमतीच्या वर एक ओळ वाढवावी : शिवणार अमुक, राहणार तमुक. छपाईचा खर्च तेवढाच येतो. आणि मिळालेल्या पैशातून तिच्या हातावर किती पडले, हे विचारायची लाज धरू नये.

आपल्या घरांत भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. साध्या पेल्यावरसुद्धा कुणाकडून, कुणाला, कोणत्या तारखेस, हे ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असे. त्याच घरात तीस हजार टाक्यांची गोधडी मात्र बिननावाची. माळ्यावर अशी एखादी अजून असेल तर ती खाली काढा. घरात जे सर्वांत वडील माणूस असेल त्याला विचारा, ही कुणी शिवली? माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही विचारून घ्या. आणि एका कोपऱ्यात ती धावदोऱ्याने घाला. तीस हजारांत आणखी शे-दोनशे टाके, एवढंच तर काम आहे.