रुग्णालय-प्रकल्पाचा व्यवहार्यता-अभ्यास

रुग्णालयाची नवी इमारत बांधण्यापूर्वी वा जुनीचा विस्तार करण्यापूर्वी तिची गरज, जागेची योग्यता, बांधकामखर्च आणि पुढे रुग्णालय चालविण्याची ऐपत यांची जी पद्धतशीर तपासणी करतात, तिला व्यवहार्यता-अभ्यास म्हणतात.

प्रथम सेवाक्षेत्र ठरवितात. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्या हा शासकीय निकष आहे. तथापि नुसती शिरगणती पुरत नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील गावांचे नकाशावरील अंतर थोडे दिसले, तरी रुग्णाला लागणारा वेळ त्यावरून कळत नाही. खाटांची संख्या मात्र गणिताने काढता येते. वर्षाकाठी ५,८४० आंतररुग्ण अपेक्षित असून प्रत्येकाचा मुक्काम सरासरी ५ दिवसांचा धरल्यास रोज ८० खाटा व्यापल्या जातील. व्याप्ती ८० टक्के ठेवावयाची, तर १०० खाटा लागतील.

जागेच्या निवडीत या दोन जिल्ह्यांचा अनुभव बोलका आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपामुळे पाटण परिसरात भूकंपरोधक संरचनेचा जादा खर्च आरंभीच गृहीत धरावा लागतो. सांगलीस २००५, २०१९ व २०२१ साली कृष्णेचा महापूर आला. तेथे पूररेषा पाहिल्यावाचून जागा घेणे, किंवा जनित्र व प्राणवायूची यंत्रणा तळघरात ठेवणे, म्हणजे ऐन संकटात रुग्णांनाच हलविण्याची वेळ आणणे होय. उलट माण, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत प्रश्न पाण्याचा असतो. १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयास दर खाटेमागे दररोज ३४० लिटर पाणी लागते, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे १०० खाटांना ३४,००० लिटर.

दळणवळणाचे महत्त्व मिरजेवरून दिसते. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाकडे दूरदूरचे रुग्ण येऊ शकले, त्यास मिरजेचे रेल्वे प्रस्थानक साहाय्यभूत झाले.

अनेक अहवाल भांडवली खर्चाचा तपशील बारकाईने देतात. वेतन, औषधे, वीज व दुरुस्ती यांचा आवर्ती खर्च मात्र दोन ओळींत उरकतात. हा दोष गंभीर आहे. भूलतज्ञ व परिचारिका मिळणार नसतील, तर शस्त्रक्रियागृह बांधूनही बंद राहते. अशा ठिकाणी नवी इमारत न बांधता रुग्णवाहिका, रस्ता व जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदे यांवर खर्च करावा, अशी शिफारसही अभ्यासातून निघू शकते.