निम्म्या आकड्याचा व्यायाम

ब्रिटनमधल्या कुठल्याही लीझर सेंटरचं वेळापत्रक पाहा, त्यात ‘सर्किट्स’चा वर्ग बहुधा सापडतोच. हॉलभर गोलाकार आठ-दहा ठिकाणं मांडलेली असतात. एके ठिकाणी जोर, पुढे बैठका, मग बाकावर चढ-उतार, दोरीवरच्या उड्या, डंबेल. यातलं प्रत्येक ठिकाण म्हणजे एक स्टेशन. शिट्टी वाजली की पुढच्या स्टेशनवर जायचं. कंटाळा येत नाही म्हणून लोक या वर्गांना येतात, आणि ते चांगलंच आहे. पण ही पद्धत बसवणाऱ्यांचा विचार कंटाळ्याच्या बराच पुढचा होता. त्यातला सर्वांत मोलाचा भाग आजच्या बऱ्याच वर्गांतून गळून गेला आहे.

१९५३ साली लीड्स विद्यापीठात आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. अ‍ॅडमसन यांनी सर्किट ट्रेनिंग आकाराला आणलं. त्यांच्यापुढचा प्रश्न कुठल्याही व्यायामशिक्षकाला ओळखीचा वाटेल. एका वर्गात दणकट खेळाडू असतो आणि कधी घाम न गाळलेला मुलगाही असतो. दोघांना एकच व्यायाम कसा द्यायचा? त्यांनी आधी प्रत्येकाची चाचणी घेतली. प्रत्येक स्टेशनवर जास्तीत जास्त किती आवृत्त्या होतात ते मोजलं आणि त्याच्या निम्मा आकडा ही त्या विद्यार्थ्याची मात्रा ठरवली. चाळीस जोर काढणाऱ्याने वीस काढायचे, सहा काढणाऱ्याने तीन. अशा सलग तीन फेऱ्या, घड्याळ लावून. ठरवलेल्या वेळेत फेऱ्या पूर्ण होऊ लागल्या की पुन्हा चाचणी आणि नवी मात्रा. एकाच हॉलमध्ये दोघांचाही सारखाच कस लागतो आणि कुणालाही शेजाऱ्याकडे पाहून ओशाळावं लागत नाही. व्यायामशास्त्रातल्या फार थोड्या कल्पना मला इतक्या न्याय्य वाटतात.

स्टेशनांचा क्रम मनाला येईल तसा लावून चालत नाही. जोरदार हालचालीसाठी स्नायू आधी स्वतःजवळची क्रिएटिन फॉस्फेटची साठवण वापरतो. पूर्ण ताकद लावली तर ती दहा-एक सेकंदांत बरीचशी संपते आणि विश्रांतीत काही मिनिटांत पुन्हा भरते. बैठकांनंतर लगेच जोर काढले, तर मांड्यांना ही उसंत मिळते. हृदयाला मात्र ती मिळत नाही, कारण आता खांदे आणि छाती रक्त मागत असतात. थकवा एका स्नायूकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो आणि एकूण काम थांबत नाही. पायांची दोन स्टेशनं लागोपाठ ठेवली की हा फायदा तिथेच कमी होतो.

हृदय आणि फुप्फुसांच्या कमाल क्षमतेचा शोधही इंग्लंडमध्येच पुढे सरकला. १९२२चं नोबेल मिळवणारे ए. व्ही. हिल मँचेस्टरमध्ये पाठीवर उच्छ्वास गोळा करणारी पिशवी बांधून स्वतः धावले होते. वेग वाढवत नेला तरी एका मर्यादेनंतर शरीर घेत असलेला प्राणवायू वाढत नाही, असं त्यांच्या प्रयोगांतून मांडलं गेलं. ही मर्यादा उंचावायची तर केवळ वजनांचं सर्किट अपुरं पडतं. हातांच्या व्यायामात नाडी भराभर वाढते, पण प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून मधे चढ-उतार, सायकल किंवा जागच्या जागी धावणं हवं.

आता विविधतेबद्दल. शरीर सवयीचं होतं, म्हणून बदल हवा, हे खरं आहे. पण दर आठवड्याला सगळी स्टेशनं बदलली तर प्रगती झाली की नाही हे कळणार कसं? सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था ती हालचाल शिकते म्हणून. स्नायूची जाडी सावकाश वाढते. माझ्या मते एक संच किमान महिना-दीड महिना तसाच ठेवावा, वेळ नोंदवावा आणि मगच बदलावा.

हीच रचना ब्रिटनमध्ये हृदयरुग्णांच्या पुनर्वसन वर्गांत वापरली जाते, हे मला तिच्या ताकदीचं सर्वांत मोठं प्रमाण वाटतं. तिथे सुरुवातीला पंधरा मिनिटं शरीर हळूहळू तापवतात, दमवणाऱ्या स्टेशनांच्या मधे हलकी स्टेशनं ठेवतात आणि शेवटही सावकाश करतात.

ब्रिटनमधल्या मराठी घरांनी हे मनावर घ्यायला हवं. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणून तिथल्या आरोग्य मार्गदर्शनात त्यांच्यासाठी बीएमआयची धोक्याची पातळी २५ऐवजी २३ धरली आहे. आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामासोबत किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला जातो, आणि चालणाऱ्यांकडून हा दुसरा भाग हमखास राहतो. त्यासाठी लागणारं सारं आपल्या तालमीत आहेच. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्येच छापलं गेलं होतं. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतार, सूर्यनमस्कार, पाठीवर झोपून कंबर उचलणं: बैठकीच्या खोलीत एवढी पाच स्टेशनं सहज मावतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि कमाल चाचणीच्या वाटेला जाऊ नये. इतरांनी पहिल्या दिवशी फक्त चाचणी घ्यावी, दोन स्टेशनांच्या मधे पुरेसं थांबून. आकडे वहीत लिहावेत, निम्मे करावेत आणि दोन दिवसांनी घड्याळ लावून पहिली फेरी सुरू करावी.