धूर गोठवायचा तर किती थंड? चंद्रपूरचं एक गणित

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. त्याच जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, उपरवाही इथं सिमेंटचे कारखाने. दोन्हीकडच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा करायचा, तर सुरुवात कुठून कराल?

नेहमीच्या वातावरणीय दाबाला शुद्ध कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंश सेल्सिअसला द्रव न होता थेट घन होतो. तोच ड्राय आइस. पण हा आकडा धुराला लावू नका. धुरात मुख्यतः नायट्रोजन असतो. हवेत बाष्प कमी असलं की दव पडायला जास्त गारठा लागतो ना? इथंही तसंच.

कोळशाच्या कोरड्या धुरात कार्बन डायऑक्साइड १४ टक्के धरा. गोठायला सुरुवात व्हायलाच उणे १०० अंश लागतात. जसजसा तो गोठतो, तसतसा उरलेला विरळ होतो. म्हणून ९० टक्के पकडायला सुमारे उणे ११९ आणि ९९ टक्क्यांसाठी उणे १३४!

सिमेंटच्या भट्टीच्या धुरात २५ टक्के धरला, तर ९० टक्के पकडायला उणे ११३ पुरतात. फरक फक्त सहा अंशांचा? नाही. कोळशाच्या धुरात एक भाग पकडताना सोबतचे सहा भाग इतर वायूही थंड करावे लागतात. सिमेंटच्या धुरात तीनच.

हा थंडावा वाया घालवायचा नसतो. बाहेर पडणारा थंड नायट्रोजन आत येणाऱ्या गरम धुराला गार करतो. या उष्णता-विनिमयात जेवढी गळती, तेवढा विजेचा खर्च. शिवाय धुरातलं पाणी आधी काढावं लागतं, नाहीतर बर्फ साचून नळ्या तुंबतात.

आता मूळ प्रश्न. वीज उद्या सूर्यापासून मिळेल. पण १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघणारच, मग इंधन कोणतंही असो. म्हणून माझं उत्तर: सुरुवात सिमेंटपासून.

तुमच्या विषयातला स्रोत कोणताही असो, यंत्राचं चित्र काढण्याआधी दोन आकडे काढा: वायूचं प्रमाण किती, आणि त्याच्यासोबत काय काय थंड करावं लागणार. घन कार्बन डायऑक्साइडच्या बाष्पदाबाचा तक्ता आणि एक कॅल्क्युलेटर, एवढं पुरतं.