विहिरीतलं इंजिन

सिन्नर तालुक्यात आमच्या मामांच्या मळ्यात एक जुनी विहीर आहे. साठेक फूट खोल. वरचे पंधरा फूट घडीव दगडाचं बांधकाम, खाली नुसता काळा कातळ. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलं की तीस-पस्तीस फुटांवर कातळात फोडलेला एक ओटा उघडा पडतो आणि त्या ओट्यावर एक इंजिन दिसतं. दोन बाजूंना दोन जड चाकं, मधे बीडाचं उभं धड, सगळं गंजून तांबूस-काळं झालेलं. चाळीस वर्षं ते तिथंच आहे. लहानपणी मला वाटायचं, विहीर खोदताना ते जमिनीतूनच निघालं असणार.

ते तिथं कसं पोचलं हे कळायला मला पंप कळावा लागला. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो पाइपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर ३४ फूट उचलेल. पाइपातलं घर्षण, फूटव्हॉल्व, सांध्यांची गळती धरली तर प्रत्यक्षात २० ते २५ फुटांवर काम थांबतं. म्हणून पट्ट्याने जोडलेलं इंजिन आणि पंप पाण्याच्या जवळच ठेवावे लागत. सुरुवातीला इंजिन काठावर होतं. पाणी खाली गेलं तसा पहिला ओटा फोडला, काही वर्षांनी दुसरा. मामांच्या विहिरीत असे तीन ओटे आहेत. सिन्नर, येवला, चांदवड भागातल्या कितीतरी जुन्या विहिरींत ते दिसतील. भूजलाचा इतिहास कोणी लिहायचा म्हटला तर या ओट्यांची उंची मोजत फिरावं.

मला जुनी ऑइल इंजिनं गोळा करून चालू करण्याचा नाद आहे. जर्मनी, स्वीडन, अमेरिकेकडे लोक जुन्या साखळी-करवती जमवतात. १९२०च्या दशकात आंद्रेआस स्टील आणि एमिल लर्प यांनी जर्मनीत त्या पहिल्यांदा विकायला आणल्या, तेव्हापासूनची मॉडेलं लोक घरी दुरुस्त करून फडताळात मांडतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांचं पोट जंगलतोडीवर होतं, म्हणून त्यांच्या आठवणीत करवत आहे. आमच्या आजोबांचं पोट विहिरीवर होतं. नाशिकच्या माणसाने जमवायचं तर ऑइल इंजिनच जमवावं, असं मला वाटतं.

इंजिनाआधी विहिरीवर मोट होती. बैलजोडी, नाडा, सोंदूर, उतरती धाव आणि पहाटेपासून मोटेवर उभा माणूस. दिवसभरात एक-दोन बिघे भिजले तर पुष्कळ. या पार्श्वभूमीवर मळ्यात आलेलं पहिलं इंजिन काय वाटलं असेल, याची कल्पना करून पाहा. मामा सांगतात, ते आणलं तेव्हा बैलगाडीपुढे हलगी वाजली होती आणि चाकांना हळदीकुंकू लावलं होतं. म्हातारे लोक अजूनही त्याला 'क्रूडचं इंजिन' म्हणतात आणि डिझेलला क्रूड.

या यंत्राची महाराष्ट्रातली वंशावळ मोठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन बाटेल, विषारी होईल या समजापायी तो खपायलाच वेळ लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. आज मराठी मासिकं वाचणाऱ्याने नांगराच्या कारखान्याचं एवढं ऋण तरी मानायला हवं. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिकडे साताऱ्यात धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि तिथे देशातली अगदी सुरुवातीची डिझेल इंजिनं तयार झाली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. चिंचवडला रस्टनची इंजिनं बनत.

पण खेड्यापाड्यांत ज्या घाटाचं इंजिन सर्वांत जास्त दिसलं तो घाट विलायती. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास 'सीएस' नावाचं मॉडेल काढलं. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्याआधीच्या अनेक इंजिनांचं डोकं ब्लो-लॅम्पने लालभडक तापवावं लागे, मग ती पेटत. हे थंडच चालू व्हायचं. नंतर आलेलं सहा हॉर्सपॉवरचं मॉडेल मिनिटाला ६५० फेऱ्या घेई. मूळ कंपनीने १९८७ मध्ये ते बंद केलं, पण राजकोटच्या कारखानदारांनी त्याच घाटाची इंजिनं बनवणं सोडलं नाही. इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक राजकोटहून ती मागवत आले आहेत.

माझं पहिलं इंजिन हे याच जातीचं, राजकोटी. अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारात ते किलोच्या भावाने पडलं होतं. नावाची पितळी पाटी आधीच कुणीतरी काढून विकलेली. दोन्ही चाकांसकट वजन तीनशे किलोच्या वर. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केलेली, त्यामुळे लोखंडाची भीती नव्हती. पण ते इंजिन पूर्ण जाम होतं. हँडलला दोघं लोंबकळलो तरी चाक केसभर हललं नाही.

जाम इंजिन खोलताना पहिला नियम, घण दूर ठेवायचा. बीड फार कडक आणि तितकंच ठिसूळ असतं, एका ठोक्यात तडा जातो. हेड उतरवलं, सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि वर झाकण ठेवून विसरून गेलो. रोज संध्याकाळी पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने दोन-चार हलके ठोके. अकराव्या दिवशी चाक बोटभर सरकलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुट्या भागांचा गंज काढायला आम्ही उसाची मळी वापरतो. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात भाग बुडवून दोन-तीन आठवडे ठेवायचे. मळीतली द्रव्यं गंज धरून विरघळवतात, खालच्या चांगल्या लोखंडाला सहसा धक्का लावत नाहीत. अॅल्युमिनियमचा भाग मात्र त्यात चुकूनही टाकू नये, तो खाल्ला जातो. वास उग्र येतो, माश्या येतात, घरच्यांची बोलणी खावी लागतात. पण बाहेर काढून पाण्याने धुतल्यावर ओतकामाच्या वेळचे अंक आणि अक्षरं जेव्हा उमटून दिसतात, तेव्हा तो उग्र वासही आवडायला लागतो.

दुसरी अडचण पान्यांची. या इंजिनांचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे, व्हिटवर्थ. आजचा मिलिमीटरचा पाना त्यावर जवळजवळ बसतो आणि हे 'जवळजवळ'च घातक, बोल्टचे कोपरे घासून गोल होतात. जुने इंची पाने मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून एकेक करून जमवले.

पिस्टन आणि हेड यांच्यात किती अंतर राहतंय हे मोजायची पद्धत तर मला फार आवडते. पिस्टनवर ग्रीसच्या ठिपक्याने शिशाच्या तारेचा तुकडा चिकटवायचा, हेड आवळायचं, चाक हाताने एकदा फिरवायचं आणि पुन्हा हेड काढायचं. तार चेपून जेवढी जाड उरते तेवढं अंतर. जास्त असेल तर हवा पुरेशी दाबली जाणार नाही आणि इंजिन पेटणार नाही. कमी असेल तर पिस्टन हेडवर आदळेल. गॅस्केटखाली पातळ पत्रा घालायचा किंवा काढायचा, पुन्हा तार ठेवायची. एका रविवारी मी हे सात वेळा केलं.

मग नोझल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचं धुकं फवारलं की ते आपोआप पेटतं. धुकं नीट पडलं नाही तर धूर, ठोके, नुसती फुसफूस. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. आपला केस सत्तर-एक मायक्रॉन जाड असतो. नाशिककरांना हे सांगताना मला अभिमान वाटतो, कारण देशभरातल्या इंजिनांना लागणारी नोझलं आणि इंजेक्टर सातपूरच्या मायकोत बनत आले. कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण आपल्या तोंडी ती मायकोच आणि चौकही मायको सर्कलच. नोझल तपासताना हातपंपाने दाब दिला की चांगलं नोझल कर्र कर्र असं वाजतं, फवारा शंकूसारखा पडतो आणि टोकाला थेंब लटकत नाही. त्या फवाऱ्यासमोर बोट कधीच धरू नये. डिझेल कातडी भेदून आत शिरतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट जाण्याची पाळी येते.

हँडल मारणं ही कला मी मार खाऊन शिकलो. व्हॉल्व उघडा ठेवणारी कांडी वर करायची, हँडल फिरवून चाकांना वेग द्यायचा आणि ऐन वेगात कांडी पाडायची. वेग कमी पडला तर इंजिन उलटा झटका देतं. मी हँडलभोवती अंगठा वळवून मूठ आवळली होती. अंगठा दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तर हँडल हातातून सुटतं. हे मला ज्यांनी शिकवायला हवं होतं ते मामा समोरच उभे होते. "तुला ठाऊक असंल वाटलं रे," एवढंच म्हणाले. त्यांच्या पिढीत हे कुणी कुणाला शिकवतच नसे, बघून हाताला कळायचं. मी आता जो कोणी येईल त्याला आधी अंगठा दाखवतो, मग इंजिन.

पेटलेल्या इंजिनाचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना वर्णन नको. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, म्हणजे ६५० फेऱ्यांना मिनिटाला ३२५ वेळा. सेकंदाला पाच-साडेपाच, कानाने जेमतेम वेगळे करता येतील असे ठोके. किर्लोस्करचं एव्ही-१ पंधराशे फेऱ्यांचं. त्याचे ७५० ठोके एकमेकांत मिसळून जातात. पिठाच्या गिरणीवर धुराड्याच्या तोंडाशी एक लहानशी डबी बसवत आणि तिच्यातून 'पुक पुक पुक' असा आवाज गावभर जाई. तो ऐकला की बायका दळणाचे डबे उचलत. विजेच्या गिरणीला तो बोलावण्याचा आवाज नाही.

वीज आली आणि इंजिनं मागे पडली. १९६० मध्ये राज्याचं वीज मंडळ झालं, १९७०च्या सुमारास इथेच एकलहऱ्याला औष्णिक केंद्र सुरू झालं, तारा मळ्यापर्यंत पोचल्या. मोटार बटणावर चालू होते आणि पाणबुडी मोटार तर पाण्यातच बसते, तिला हवेच्या दाबाची मर्यादा उरली नाही. विहिरीवरून बोअरवर, दोनशे फुटांवरून पाचशे फुटांवर आपण गेलो. सोयीबद्दल माझी तक्रार नाही. मोटेवरचे आणि हँडलवरचे कष्ट मी पाहिलेत. पण ओट्यावर इंजिन उतरवताना पाणी किती खाली गेलं हे डोळ्यांना दिसायचं आणि खांद्यांना जाणवायचं. बटणाने ते लपवलं, हे मला खुपतं.

काही हौशी लोक जुनं इंजिन आणतात, लाल-हिरवा रंग देतात आणि रिसॉर्टच्या दारात मांडतात. मला ते बघवत नाही. आत पिस्टन जाम, तेल वाळलेलं, वर झगमगाट. रंग नको, मी चाकाच्या कडेला तेलाचं फडकं फिरवतो आणि महिन्यातून एकदा इंजिन चालवतो. रूडॉल्फ डिझेलच्या शोधाचं एक इंजिन १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. ते वाचून मीही माझं इंजिन आधी डिझेलवर तापवलं आणि मग अर्धा लिटर करडईच्या तेलावर चालवलं. मळाभर भज्यांचा वास सुटला. बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायचं, नाहीतर तेल थंड होऊन नोझलमध्ये चिकटतं.

आता माझ्याकडे चालू स्थितीतली पाच इंजिनं आहेत. विहिरीतलं मात्र अजून विहिरीतच आहे. गेल्या वैशाखात मी आणि दोन मित्र दोराने ओट्यावर उतरलो. चार फाउंडेशन बोल्टांपैकी दोन सुटले. तिसरा तुटला. चौथ्यावर मळीत भिजवलेलं फडकं गुंडाळून आलो. ओट्यामागच्या कातळाला हात लावला तर बोटं काळी झाली. चाळीस वर्षांनंतरही काजळी निघते. इंजिन चालू असताना विहिरीत कोणी उतरायचं नाही अशी तेव्हा ताकीद असे, कारण धूर खाली साचतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस घेतो. मामांच्या वडिलांनी मात्र पट्टा निसटला की श्वास रोखून उतरायचं, असंच केलं आयुष्यभर.

इंजिनाची पाटी जागेवर आहे. चिखल पुसून पाहिलं, नंबर वाचता येतो, नाव येत नाही. वर काढायला दहा-बारा फूट उंचीची तिकाटणी, दोन टनांचा चेन ब्लॉक आणि पंधरा दिवस कोरडा ओटा एवढं लागेल. पहिल्या दोन गोष्टी मामांच्या गोठ्यात आणून ठेवल्या आहेत. यंदा पाऊस चांगला झाला, तिन्ही ओटे पाण्याखाली आहेत. मामांना त्याचाच आनंद आहे, आणि मलाही. चैत्र लागला की मी पुन्हा जाणार आहे.