इमर्जन्सी बॅगेसाठी स्वस्तातला फिक्स्ड ब्लेड चाकू घेताय? आधी स्पेसिफिकेशन वाचायला शिका

टॉर्च, पॉवर बँक, ओआरएस, आधार कार्डाची झेरॉक्स, बिस्किटं... २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा महाड-चिपळूणचा पूर पाहिल्यापासून इमर्जन्सी बॅगेच्या याद्या दर पावसाळ्याच्या तोंडावर व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. त्यात कुठेतरी एक ओळ असते: 'चाकू'. बस्स, एवढंच. मग आपण शॉपिंग अॅप उघडून 'सर्व्हायव्हल नाइफ' टाइप करतो आणि समोर येतात काळीकुट्ट, पाठीवर करवतीचे दाते असलेली, मुठीत होकायंत्र बसवलेली खेळणी. किंमत पाचशे रुपये, रेटिंग साडेचार स्टार. घ्यायचं का? नको. का नको, ते पाहू.

आधी काम ठरवा. पुरात किंवा दोन-तीन दिवस वीज नसलेल्या घरात चाकूला करायची कामं अगदी साधी असतात. ताडपत्री बांधायची नायलॉनची दोरी कापणं, मदतीत आलेली पोती आणि पाकिटं उघडणं, प्लॅस्टिकचा कॅन कापून भांडं करणं, ओल्या लाकडाची वरची साल तासून आतला कोरडा भाग काढणं, भाजी चिरणं. या सगळ्याला ३ ते ४ इंचांचं पातं पुरतं. झाड तोडायचं असेल तर ते कोयत्याचं काम, आणि कोकणात कंबरेच्या आकडीला कोयती अडकवून फिरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

फोल्डिंग का नाही?

फोल्डेबल फोनबद्दल आपण पहिला प्रश्न काय विचारतो? बिजागरी किती टिकेल? चाकूचंही तसंच. घडीच्या चाकूत चिखल, वाळू गेली की सांधा अडकतो. लॉक हलक्या दर्जाचं असेल तर जोर लावताना पातं बोटांवर मिटतं. फिक्स्ड ब्लेडला हलणारा भागच नाही. चिखलात पडला तर पाण्याखाली धरायचा, पुसायचा, झालं. अंधारात एका हाताने म्यानातून काढता येतो, हे वेगळंच.

लिस्टिंगमध्ये काय शोधायचं

पहिली गोष्ट म्हणजे पातं मुठीत किती आत जातं. या आतल्या भागाला 'टँग' म्हणतात. पूर्ण मुठीभर गेला असेल तर 'फुल टँग'. वर सांगितलेल्या होकायंत्रवाल्या चाकूची मूठ पोकळ असते, कारण आत काडेपेटी आणि गळ ठेवायची जागा केलेली असते. म्हणजे पात्याला धरून ठेवणारं तिथे जेमतेम इंचभर काहीतरी. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' सिनेमापासून ही फॅशन जगभर पसरली. सिनेमातला चाकू खास बनवून घेतलेला होता. पाचशे रुपयांची नक्कल जोर लावला की मुठीपाशी तुटते. टँगबद्दल लिस्टिंगमध्ये एक शब्दही नसेल तर पुढे स्क्रोल करा.

दुसरी गोष्ट स्टील. 'सर्जिकल स्टील', 'जपानी स्टील', 'हाय कार्बन स्टेनलेस' हे शब्द फोनच्या जाहिरातीतल्या 'एआय कॅमेरा'सारखे: ऐकायला छान, मोजायला काही नाही. ग्रेडचं नाव हवं. चिनी ग्रेड तर नावातच माहिती देतात. '३सीआर१३' म्हणजे साधारण ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. '८सीआर१३एमओव्ही' म्हणजे ०.८ टक्क्याच्या आसपास कार्बन. कार्बन जास्त म्हणजे स्टील जास्त कडक करता येतं आणि धार जास्त वेळ टिकते. क्रोमियममुळे गंज लांब राहतो. नुसतं '४४०' लिहिलं असेल तर विचारा: ए, बी की सी? तिघांत कार्बनचा बराच फरक आहे आणि विकणारा नेमकं तेच अक्षर गाळतो. कडकपणा 'एचआरसी' या आकड्यात देतात. आपल्या कामाला ५५ ते ५८ उत्तम. त्याहून खूप कमी असेल तर धार लवकर जाते, खूप जास्त असेल तर घरच्या दगडावर धार लावता लावता हात दुखतात.

कार्बन स्टीलचे चाहते तुम्हाला त्याची धार किती भारी ते सांगतील. खरंच आहे. पण ही बॅग वर्षभर कपाटात पडून राहणार, आणि आपल्याकडचा पावसाळा असा की कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते. स्टेनलेसच घ्या. त्याच कारणाने चामड्याचं म्यान नको, ते ओल धरतं. प्लॅस्टिकचं, खाली पाणी निथळायला भोक असलेलं बरं.

जाडी अडीच ते सव्वातीन मिलिमीटर. मूठ रबराची, बोट घसरू नये म्हणून पुढे उंचवटा असलेली. रंग शक्यतो नारिंगी किंवा लाल. काळी मूठ फोटोत रुबाबदार दिसते, पण गढूळ पाण्यात आणि रात्री टॉर्चच्या उजेडात सापडत नाही.

एक फसवणूक नेहमीची: 'साइज ९ इंच' लिहिलेलं असतं, ती मुठीसकट लांबी असते. ब्लेड लेंग्थ वेगळी बघा.

मग घ्यायचा कुठला?

स्वीडनच्या मोराक्निव कंपनीचा 'कम्पॅनियन' हा जगभर नवशिक्यांना सुचवला जातो आणि मलाही त्यापेक्षा सरळ पर्याय दिसत नाही. १२सी२७ स्टेनलेस स्टील, सुमारे १०.४ सेंटिमीटर पातं, अडीच मिलिमीटर जाडी, प्लॅस्टिकचं म्यान. तो फुल टँग नाही, हे खरं. पण टँग रबरी मुठीत घट्ट बसवलेला असतो आणि आपल्या कामांना पुरून उरतो. भारतात दीड ते अडीच हजारांच्या घरात पडतो. तेवढं बजेट नसेल तर लाज न बाळगता भांड्यांच्या दुकानातून शे-दोनशे रुपयांची चांगल्या कंपनीची स्टेनलेस सुरी घ्या आणि जाड पुठ्ठ्याचं म्यान करून वरून टेप गुंडाळा. हजार रुपयांच्या 'टॅक्टिकल' चाकूपेक्षा ती जास्त कामाची.

आला की दोन गोष्टी तपासा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. फाटत गेला तर धार नीट नाही. मग चाकू म्यानात घालून म्यान उलटं धरा आणि हलवा (खाली पाय नकोत!). पडला तर परत पाठवा. बॅगेत सैल झालेलं उघडं पातं हे पुरापेक्षा जवळचं संकट आहे.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांत समावेश आहे. घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. आपला ४ इंची चाकू यात बसत नाही. पण म्हणून तो रोज सॅकमध्ये घेऊन कॉलेजला जायचं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्यात चाकू, काठ्यासुद्धा येतात. सणासुदीला, निवडणुकीत असे आदेश नेहमी निघतात. कोयता हातात घेऊन रील टाकणाऱ्या पोरांवर पुण्यात गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. तेव्हा नव्या चाकूबरोबर स्टोरी नको. बॅग घरात, चाकू बॅगेच्या तळाशी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा. विमानाने जाताना केबिन बॅगेत तो चालत नाही, चेक-इनमध्ये टाकावा लागतो.

चाकूवर टाकू नयेत अशी कामं

जखमेवरचे कपडे कापायला बोथट टोकाची कात्री वापरा. घाबरलेल्या, हलणाऱ्या माणसाजवळ चाकूचं टोक नकोच. आणि गाडी पाण्यात अडकली तर चाकूने काच फोडण्यात वेळ घालवू नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून लोकांचे जीव गेले. त्यासाठी कडक टोकाचं, सीटबेल्ट कापायची पाती असलेलं छोटं हत्यार वेगळं मिळतं. ते डिकीत नाही, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवायचं आणि बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यात मारायचं. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण निघत नाही. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात, म्हणून काचेच्या कोपऱ्यातला छापा वाचून ठेवा: 'लॅमिनेटेड' असेल तर ती खिडकी सोडून दुसरी.

दर मे महिन्यात पॉवर बँक चार्ज कराल तेव्हा चाकूही बाहेर काढा. पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पात्यावर फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं.